ट्रकच्या अंगावरचे आकडे

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी दिवाळीच्या सुट्टीत एक निराळा अभ्यास दिला होता. वालीव आणि सातिवलीच्या कारखान्यांच्या रस्त्याला माल भरण्यासाठी ट्रक आणि टेंपो रांगेने उभे असतात. "उभ्या गाडीच्या अंगावर काय काय लिहिले आहे ते वहीत उतरवून आणा," असे मी सांगितले. चालत्या गाडीजवळ जायचे नाही, महामार्गावर तर पाऊलही टाकायचे नाही, ही अट होती.

वह्या परत आल्या तेव्हा मला हसू आले. निम्म्या मुलांनी फक्त शेरोशायरी उतरवली होती! 'हॉर्न ओके प्लीज' तर प्रत्येकाच्या वहीत होते. पण चार-पाच मुलांनी गाडीच्या डाव्या बाजूला बारीक अक्षरांत रंगवलेले आकडेही लिहून आणले होते. एका वहीत असे होते: यू.एल.डब्ल्यू. ६,८००, जी.व्ही.डब्ल्यू. १८,५००. खाली टायरांची मापे आणि गाडीचा क्रमांक, एम.एच. ४८ ने सुरू होणारा.

"सर, हा महामार्गाचा नंबर आहे का?" एकाने विचारले. प्रश्न चुकीचा असला तरी मजेदार होता. आपल्या वसई-विरार भागात नोंदलेल्या गाड्यांचा क्रमांक एम.एच. ४८ ने सुरू होतो आणि आपल्या जवळून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा क्रमांकही ४८ च आहे. पूर्वी तो ८ होता. दोन्ही ठिकाणी ४८ येणे हा निव्वळ योगायोग. उरलेले आकडे मात्र योगायोगाने लिहिलेले नसतात. ते गाडीवर दिसतील असे लिहिलेच पाहिजेत, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो.

पहिला आकडा रिकाम्या गाडीचे वजन आहे. दुसरा आकडा गाडी, माल, डिझेल, ड्रायव्हर आणि क्लीनर या सर्वांचे मिळून जास्तीत जास्त किती वजन असावे ते सांगतो. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ११,७०० किलो उरतात, म्हणजे ११.७ टन. एवढाच माल त्या गाडीत भरता येतो. ड्रायव्हर लोक याला 'पासिंग' म्हणतात. "तुमची गाडी किती टन पासिंग?" असे ते एकमेकांना विचारतात.

या धड्यातले काही शब्द तुम्हांला शिकवायची गरजच नाही. वजन, तराजू, हमाल, मजूर हे शब्द तुम्ही घरी रोज बोलता. मराठीने ते अरबी-फारसीतून केव्हाच आपलेसे केले आहेत. उच्चार थोडा बदलला, 'वज़न'चे 'वजन' झाले, इतकेच. नवा शब्द आहे तो 'आस'. बैलगाडीची दोन चाके ज्या दांड्यावर फिरतात तो दांडा म्हणजे आस. ट्रकलाही आस असतात. ड्रायव्हर त्याला 'अ‍ॅक्सल' म्हणतात. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण वजनाच्या मर्यादेची सारी गोष्ट या आसापासूनच सुरू होते.

एक साधा प्रश्न. तुमच्या पाठीवर दहा किलोचे दप्तर दिले आणि तेच दप्तर दोघांनी मिळून उचलले, तर दप्तराचे वजन बदलते का? नाही. पण प्रत्येकाच्या वाट्याचे ओझे निम्मे होते. ट्रकचेही तसेच आहे. ट्रकचे सारे वजन आसांवर वाटले जाते, आसांकडून चाकांवर येते आणि चाकांकडून रस्त्यावर. म्हणून कायदा आधी 'एका आसावर किती' हे ठरवतो आणि मग त्यांची बेरीज करतो.

सहा चाकांचा नेहमीचा ट्रक घ्या. त्याच्या पुढच्या आसाला दोन टायर असतात आणि मागच्या आसाला चार. पूर्वी पुढच्या आसाला ६ टन आणि मागच्या आसाला १०.२ टन मर्यादा होती. बेरीज झाली १६.२ टन. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा वाढवली. पुढे ७ टन, मागे ११.५ टन, बेरीज १८.५ टन. आपल्या वहीतला १८,५०० हा आकडा तेथूनच आला आहे. सर्वांत मोठ्या ट्रेलरची मर्यादाही त्या वेळी ४९ टनांवरून ५५ टन झाली. प्रत्येक गाडीची स्वतःची मर्यादा मात्र तिच्या नोंदणीच्या कागदात लिहिलेली असते आणि तीच खरी मानायची.

दहा चाकांच्या ट्रकला मागे दोन आस जवळजवळ जोडलेले असतात. एकाला ११.५ टन, तर दोघांना २३ टन, असा हिशेब तुम्ही कराल. वर्गानेही तसाच केला. पण जोड आसांना मिळून २१ टनच परवानगी आहे. कारण दोन्ही आस इतके जवळ असतात की त्यांचा भार रस्त्याच्या आणि पुलाच्या जवळजवळ एकाच जागेवर पडतो. दोन माणसे होडीच्या दोन टोकांना बसली तर होडी स्थिर राहते. दोघेही एकाच कडेला बसले तर काय होते, हे नायगाव आणि अर्नाळ्याच्या मुलांना सांगायला नको.

मुलांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. काही मोठ्या ट्रकची मधली चाके जमिनीला टेकलेलीच नसतात, हवेत लटकलेली असतात. "सर, ती मोडलेली असतात का?" नाही. गाडी रिकामी असताना तो जादा आस वर उचलून घेतात, म्हणजे टायर झिजत नाहीत आणि डिझेलही वाचते. गाडी भरली की ती चाके खाली टेकवून ओझ्यात वाटेकरी करायची. माल भरलेला असूनही ती चाके हवेत ठेवली, तर बाकीच्या चाकांवर अन्याय होतो. असा अन्याय चाके सहन करत नाहीत. टायर तापतात आणि फुटतात.

एकूण वजन बरोबर असले तरी माल कसा रचला आहे यालाही महत्त्व आहे. सारा माल मागे लोटून भरला, तर मागचा आस दबतो आणि पुढची चाके हलकी होतात. मग ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवले तरी गाडी पटकन वळत नाही. म्हणून जुने हमाल जड पेट्या पुढे आणि खाली लावतात, हलक्या पेट्या मागे आणि वर. त्यांनी हे पुस्तकात वाचलेले नसते.

आता डोळ्यांनी वजन ओळखता येते का ते पाहू. वाडा आणि पालघरकडून गवताने भरलेले ट्रक येताना तुम्ही पाहिले असतील. गवताचा डोंगरच रस्त्याने चालला आहे असे वाटते. दोन्ही बाजूंनी गवत बाहेर आलेले असते. असा ट्रक पाहून कोणीही म्हणेल, केवढे हे ओझे! प्रत्यक्षात काट्यावर त्याचे वजन मर्यादेच्या आतही असू शकते. (गवत बाजूला किती बाहेर आले, हा वेगळा गुन्हा आहे.) उलट लोखंडी सळयांचा ट्रक पाहा. हौद्याच्या तळाशी सळयांचा हातभर उंचीचा थर असतो आणि वरची सारी जागा मोकळी. ट्रक रिकामाच वाटतो. आणि तोच कदाचित मर्यादेपेक्षा चार टन जास्त असतो.

आपल्या भागात वीट, रेती आणि खडी यांची वाहतूक फार. घरे बांधली जात आहेत, इमारती उठत आहेत. कोठेही पाहा, ढीग पडलेले. या मालाच्या बाबतीत एक मोठीच अडचण आहे. रेती आणि खडी टनावर विकत नाहीत, 'ब्रास'वर विकतात. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. हे माप जागेचे आहे, वजनाचे नाही. हौद्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजली की ब्रास निघतो. पण कायदा विचारतो, टन किती?

एक ब्रास कोरड्या रेतीचे वजन सुमारे साडेचार टन भरते. अडीच ब्रास भरली तर सव्वाअकरा टन. आपल्या ११.७ टनांच्या ट्रकमध्ये ती बसते. तीच रेती ओली असेल तर? ओल्या रेतीचा ब्रास पाच टनांच्याही वर जातो. अडीच ब्रास म्हणजे मग तेरा टनांच्या आसपास. हौदा तेवढाच भरलेला, माप तेच, पावती तीच आणि गाडी टनभराहून अधिक जादा. विटांचेही असेच. एक वीट साधारण तीन किलोची असते आणि भिजली की पाणी पिऊन जड होते. ज्याला सगळे 'छोटा हत्ती' म्हणतात तो चार चाकांचा लहान टेंपो २००५ मध्ये बाजारात आला. त्याची क्षमता सुमारे पाऊण टन, म्हणजे साडेसातशे किलो. भागाकार करा: अडीचशे विटा. तुमच्या गल्लीत तो विटा घेऊन येईल तेव्हा मोजा. मी मोजल्या आहेत. किती होत्या ते येथे लिहीत नाही.

म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता काट्यावर जायचे. ट्रकचा काटा म्हणजे जमिनीच्या पातळीत बसवलेला लोखंडी पाट. त्यावर अख्खी गाडी उभी राहते. आमच्या वर्गाला एका काट्याच्या मालकांनी आत बोलावून तो दाखवला. पूर्वी या पाटाखाली तरफा असत आणि वजने सरकवून तोल पाहत. आता पाटाखाली पोलादाचे ठोकळे असतात. गाडीच्या भाराने ठोकळा केसाच्या जाडीहूनही कमी दबतो. त्याला चिकटवलेली बारीक तार त्याबरोबर किंचित बदलते, तिच्यातून वाहणाऱ्या विजेतही फरक पडतो आणि तो फरक आकडा होऊन खोलीतल्या पडद्यावर उमटतो. पोलादासारखा कठीण पदार्थ दबतो हे ऐकून मुलांना नवल वाटले. काट्याच्या मालकांनी मग आम्हां सर्वांना पाटावर उभे केले. बेचाळीस मुले आणि मी मिळून १,९२० किलो! "छोटा हत्तीमध्ये आपण मावणार नाही," एक मुलगी म्हणाली. जागा कदाचित झाली असती. वजन झाले नसते.

गाडी काट्यावर दोनदा येते. एकदा रिकामी, एकदा भरलेली. दोन वजनांतला फरक म्हणजे मालाचे निव्वळ वजन. येथेही लबाडी चालते. रिकाम्या गाडीच्या वेळी क्लीनरला आत बसवायचे आणि भरलेल्या गाडीच्या वेळी खाली उतरवायचे, म्हणजे माल थोडा कमी दिसतो. टाकीतले डिझेलही हिशेबात धरावे लागते. दोनशे लिटर डिझेल सुमारे १६५ किलो भरते. आता काही टोलनाक्यांवर गाडी हळूहळू पुढे जात असतानाच प्रत्येक आसाचे वजन घेणारे काटेही बसवले आहेत.

परत येताना एकाने विचारले, "पण सर, ट्रक चालतोय ना? दोन-तीन टन जास्त भरले तर बिघडले कोठे?" प्रश्न रास्त होता. ट्रक जागच्या जागी मोडून पडत नाही. कंपनी त्याला मजबूतच बनवते. बिघडते ते दुसरीकडे, आणि सर्वांत आधी रस्त्याचे.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा नावाचे गाव आहे. तेथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम निरनिराळ्या जाडीचे रस्ते बांधले आणि लष्कराच्या ड्रायव्हरांनी त्यांवरून निरनिराळ्या वजनांचे ट्रक महिनोन्‌महिने फिरवले. कोणता रस्ता कधी फुटतो ते लिहून ठेवले. त्यातून एक हिशेब निघाला आणि जगभरचे अभियंते आजही तो ढोबळमानाने वापरतात. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही. ते सोळा पट होते! दोनाचा वर्ग चार, चाराचा वर्ग सोळा. म्हणजे भार जितक्या पट वाढेल, त्या संख्येचा दोनदा वर्ग करायचा.

हा हिशेब आपल्या ट्रकला लावून पाहू. मागच्या आसावर ११.५ टनांऐवजी १४.५ टन आले. भार सव्वा पटीने वाढला. नुकसान मात्र सुमारे अडीच पट. म्हणजे असा एक ट्रक गेला की नियमाने भरलेले अडीच ट्रक गेल्यासारखे आहे. मोटारीशी तुलना केली तर आकडा आणखी मोठा होतो. लहान मोटारीच्या एका आसावर अर्धा टन धरा आणि ट्रकच्या आसावर दहा टन. वीस पट. वीसाचा वर्ग चारशे, चारशेचा वर्ग एक लाख साठ हजार. पावसाळ्यात आपल्याकडे खड्ड्यांमुळे बस रखडते तेव्हा आपण पावसाला दोष देतो. पाऊस दोषी आहेच, पण तो एकटा नाही. आणि हाच हिशेब २०१८ च्या वाढीलाही लावता येतो. १०.२ वरून ११.५ ही वाढ लहान दिसते, पण एका आसामागे रस्त्याची झीज सुमारे १.६ पट होते. गाड्या आणि टायर आता पूर्वीपेक्षा चांगले आहेत, फेऱ्या कमी लागतील, मालवाहतूक स्वस्त होईल, हे खरे. पण गाडी सुधारली म्हणून तिच्याखालचा जुना रस्ता आपोआप सुधारत नाही. मला ही शंका वाटते, म्हणून येथे लिहिली.

रेल्वेही हेच तत्त्व पाळते. आपल्या पालघर जिल्ह्यातून जाणारा मालगाड्यांचा नवा स्वतंत्र मार्ग एका आसाला २५ टन भार धरून बांधला आहे. तेथेही आधी विचार झाला तो आसाचा.

रस्त्याला खड्डा पडला तर तो दिसतो. पुलाचे दुखणे चटकन दिसत नाही. तुम्ही कधी तारेचा तुकडा हाताने वाकवला आहे का? एकदा वाकवला तर तुटत नाही. दहा वेळा, वीस वेळा वाकवला की एका क्षणी तो टचकन तुटतो. शेवटच्या वेळी तुम्ही जास्त जोर लावलेला नसतो. पुलावरून प्रत्येक गाडी जाते तेव्हा पूल किंचित वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. दिवसाला हजारो वेळा, वर्षानुवर्षे.

आपल्याला मुंबई-ठाण्याशी जोडणारा महामार्गाचा पूल वसईच्या खाडीवर, घोडबंदरजवळ आहे. त्याला वर्सोवा पूल म्हणतात. अंधेरीचे वर्सोवा निराळे. हे घोडबंदरजवळचे वर्सोवा गाव. येथल्या जुन्या पुलाच्या एका गर्डरला, म्हणजे आडव्या तुळईला, २०१३ च्या अखेरीस तडा गेल्याचे आढळले. जड वाहनांना तो पूल बंद झाला. दुरुस्ती होऊन तो सुरू झाला, पण २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी जड वाहनांना पुन्हा अडवावे लागले. तडा अमुक एका ट्रकमुळे गेला असे कोणी म्हणू शकत नाही. पुलाचे वय, खाडीची खारी हवा आणि रोजचा भार यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. परिणाम मात्र सर्वांना भोगावे लागले. गुजरातकडून येणारे ट्रक मनोरहून वाड्यामार्गे, नाहीतर चिंचोटी, कामण करत भिवंडीकडे वळवले. महामार्गावर रांगा लागल्या. वसईचा माणूस खाडीपलीकडे अर्ध्या तासात पोहोचायचा, तो कित्येक तास अडकू लागला. शेजारचा नवा पूल २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, तेव्हा कोठे सुटका झाली. एका तुळईसाठी दहा वर्षे!

वर्गात फळ्यावर आम्ही हे सर्व हिशेब केले त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा गप्प होता. एरव्ही गणितात त्याचा हात सर्वांच्या आधी वर होतो. शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, तो ६,८०० वाला ट्रक आमच्या अब्बांचा आहे. म्हणजे शेठचा आहे, अब्बा चालवतात." मग जरा थांबून, "त्यात साडेतीन ब्रास खडी असते."

साडेतीन ब्रास. खडीचा एक ब्रास सुमारे ४.२ टन. गुणाकार त्याने केलेलाच होता: १४.७ टन. तीन टन जास्त. फळ्यावर मी योगायोगाने अगदी तेवढेच जादा ओझे मांडले होते.

पुढच्या आठवड्यात त्याचे अब्बा स्वतःच शाळेत आले. मला वाटले, ते रागावले असतील. पण ते शांतपणे बसले. म्हणाले, "मास्तरसाहेब, पोरगा विचारत होता की मी जास्त का भरतो. मी भरतच नाही. खाणीवर मशीन भरते. किती भरायचे ते शेठ फोनवर सांगतो. मला फेरीचे पैसे मिळतात, टनाचे नाहीत. जास्त माल भरून मला एक रुपया जास्त येत नाही. आणि रस्त्यात हात दाखवला की खाली मी उतरतो."

मग त्यांनी गायमुखची हकीकत सांगितली. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा छोटा घाट आहे. चढावर भरलेली गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. ब्रेक दाबला तरी गाडी हळूहळू घसरतच होती. क्लीनरने उडी मारून चाकामागे दगड लावला. पहिला दगड चाकाखाली फुटला. दुसरा टिकला. मागे एक रिक्षा उभी होती, त्यात शाळेची मुले होती.

ब्रेकचे काम नीट समजून घ्या. धावत्या गाडीत जी शक्ती साठलेली असते ती ब्रेक घासून उष्णतेत बदलतो. वजन दुप्पट झाले की ब्रेकला दुप्पट उष्णता सोसावी लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. चढावर किंवा उतारावर उभ्या गाडीला तर ब्रेक सतत धरून ठेवावे लागते. ब्रेक जितक्या वजनासाठी बनवला, तेवढे वजन तो पेलतो. जास्तीचे तीन टन म्हणजे तीन छोट्या मोटारी हौद्यात बसवून चढ चढण्यासारखे आहे. ब्रेकला मात्र त्या तीन मोटारींची खबर कोणी दिलेली नसते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते मी त्यांना दाखवले. मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमात वजनाची मर्यादा आहे. ११४ व्या कलमाप्रमाणे अधिकारी गाडी काट्यावर न्यायला लावू शकतो. १९४ व्या कलमात दंड आहे. पूर्वी तो किमान २ हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला १ हजार रुपये होता. एवढा दंड भरूनही जास्त माल नेणे कित्येकांना परवडे. २०१९ च्या दुरुस्तीने तो २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये केला. तीन टनांना किती? २६ हजार. शिवाय जास्तीचा माल तेथेच उतरवावा लागतो, त्याचा खर्च निराळा. गाडी थांबवून वजन करू दिले नाही तर ४० हजार रुपये. काही राज्यांनी पूर्वी एक पळवाट काढली होती. पैसे आधी भरले की जादा माल नेण्याची मोकळीक. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले की असे चालणार नाही, जादा माल उतरवलाच पाहिजे. ही गोष्ट मला फार पटते. दंड भरला म्हणून ब्रेक मजबूत होत नाही.

पण त्यांना ज्या वाक्याने आश्चर्य वाटले ते दुसरेच होते. १९४ वे कलम फक्त गाडी चालवणाऱ्यासाठी नाही. जो अशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावले. नंतर मुलाला बोलावून त्याच्याकडून तिसऱ्यांदा वाचून घेतले आणि त्याच्याच वहीच्या पानावर लिहून घेऊन गेले.

शेठशी त्यांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. कडू झाले असावे, कारण महिनाभर ते घरीच होते आणि मुलाची सहलीची वर्गणी राहिली. आता ते दुसऱ्या मालकाचा दहा चाकांचा ट्रक चालवतात. परवा मुलाने नव्या गाडीचे आकडे उतरवून आणले आहेत. पुढचा आस ७, मागचे जोड आस २१, एकूण २८ टन. खाली त्याने काट्याची पावती डकवली आहे. तिच्यावरचे वजन आहे २७,८४०.